माझा आजार आणि दवाखान्याचा कॉम्प्युटर

मला टीबी झाला होता, हे मला, माझ्या नवऱ्याला आणि डॉक्टरांना ठाऊक होतं. ऐंशीचं दशक निम्मं सरलं, आमच्या दवाखान्यात कॉम्प्युटर आला आणि ते इतवारीतल्या आमच्या सगळ्या गल्लीला कळलं.

मी घरी मुलींना शिवण शिकवायची. थुंकीत जंतू उरले नव्हते. 'आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही' असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं, म्हणून तर वर्ग पुन्हा सुरू केला होता.

कॉम्प्युटरसाठी डॉक्टरांनी काचेची खोली बांधली. आत जाताना चपला काढायच्या, यंत्राला धूळ लागू द्यायची नाही. आणि कॉम्प्युटरचा पडदा मात्र बाहेर बाकांवर बसलेल्या लोकांकडे तोंड करून! तपासणीला गेले तेव्हा मी नाव सांगितलं, आत यंत्रावर बसलेल्या मुलीनं बटणं दाबली, हिरवी अक्षरं उमटली. बाकावरच्या एका गृहस्थानं ती हौसेनं मोठ्यानं वाचली. माझं नाव, गल्ली, टीबी. बरी झाल्याचं त्या यंत्रात कुणी घातलंच नव्हतं. माझ्या एका विद्यार्थिनीची आई शेजारीच बसली होती. तिनं पदर नाकाला लावला आणि ती पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

आठवडाभरात वर्ग रिकामा झाला. ती बाई दारात येऊन, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "आमच्या पोरींले जवळ बसवून राहिली होतीस. सांगितलं काहून नाही वं?"

"मी बरी झाली आता. डॉक्टरले विचारून या."

"मंग कॉम्प्युटर खोटं बोलते का?"

मी तडक दवाखान्यात गेले. "डॉक्टरसाहेब, तो पडदा आतल्या बाजूला वळवा."

ते हसले. "अहो, लोक कौतुकानं बघतात. आणि टीबी काही लाज वाटण्यासारखा आजार नाही."

माझं डोकंच फिरलं. "लाज नाही वाटत मला. पण कुणाला सांगायचं ते मी ठरवीन. तुमचं यंत्र कोण ठरवणारं?"

"इथं सगळ्यांना एकच नियम आहे, बाई."

मी काचेवर हात आपटला आणि आतल्या मुलीला ओरडून सांगितलं, "साहेबांचं नाव टाक. त्यांना काय काय झालंय, तेही वाचू दे लोकांना!"

मुलीनं बटणांवरचे हात काढून मांडीवर ठेवले. डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला. दुसरा दवाखाना शोधा म्हणाले. मी बाकावर बसून राहिले. तोंडाला रुमाल बांधलेला एक म्हातारा कोपऱ्यातून म्हणाला, "वळवा ना जी." मग आणखी एकदोघं म्हणाले. शेवटी शिपायानं तो पडदा फिरवला.

मुली मात्र परतल्या नाहीत. मी शाळेचे गणवेश शिवायचं काम धरलं, गल्लीबाहेरच्या दुकानासाठी. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं, हे किती बरं वाटलं! आणि तसं बरं वाटल्याचीच पुन्हा चीड आली.

पुढे एका लग्नाच्या पंगतीत डॉक्टर समोर बसले होते. आपण कॉम्प्युटर कसा सगळ्यांच्या आधी आणला ते रंगवून सांगत होते, लोक माना डोलावत होते. मला पाहून ते ओळखीचं हसले. मी हसले नाही. त्यांच्याकडे बघत बसले, ते गप्प होईपर्यंत.