दोनदा केलेला देशांतर संस्कार

कालाचा साक्षी जो श्रीसूर्यनारायण, त्याला वंदन करून हे लिहितो. आज माझे थोरले बंधू दादा यांचे वर्षश्राद्ध. टोकियोतील ओजिमा भागात, मुलाच्या नवव्या मजल्यावरील घरी, ते आत्ताच यथाशक्ती पार पडले.

चाळीस वर्षे मी पुण्यातील पाठशाळेत पंचांगाचे गणित शिकवले. एका गावचा सूर्योदय दुसऱ्या गावासाठी काढताना अंतराप्रमाणे वेळ कमी-अधिक करावी लागते. त्यास आम्ही देशांतर संस्कार म्हणतो. तो चुकवणाऱ्या विद्यार्थ्याला मी गणित पुन्हा पहिल्यापासून मांडायला लावीत असे.

गेल्या वर्षी दादा गेल्याचे त्यांच्या मुलीने, माझ्या पुतणीने, पुण्याहून मला इथे टोकियोत फोनवर कळवले. दादांना मुलगा नव्हता. अग्नी मी, धाकट्या भावाने द्यावा, ही त्यांची इच्छा. मुलाने दुसऱ्या दिवशीची तिकिटे काढली, कागद माझ्या हाती दिला आणि तो रजेच्या खटपटीला लागला. टोकियोच्या नारिता विमानतळावरून सुटण्याची वेळ सकाळी अकरा, मुंबईत उतरण्याची सायंकाळी साडेपाच. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. मी दोन्ही वेळांतून साडेतीन तास वजा केले आणि पुतणीला सांगितले, "दोनला मुंबईत उतरतो. सहापर्यंत पुण्यात. सूर्यास्ताआधी सगळं होईल."

"नक्की ना, काका? आई म्हणते, बाबांना आणखी एक रात्र बर्फात नको."

"अगं, गणित मी केलंय."

विमानात बसताच मनगटावरील घड्याळ मी भारताच्या वेळेला लावून घेतले होते. त्यात दीड वाजला, तरी समोरच्या पडद्यावरील नकाशात विमानाने चीनची हद्दही ओलांडली नव्हती. मुलाला विचारले.

"अजून चार तास, बाबा. उतरायची वेळ तिथलीच छापतात. साडेपाच म्हणजे मुंबईचे साडेपाच."

ज्या अंकावर संस्कार आधीच झालेला होता, त्यावर मी तो पुन्हा केला होता. विमानातून फोन लागेना. माझ्या गुडघ्यांवरची शाल मुलाने सारखी केली.

उतरताच पुतणीचा फोन आला. ती स्मशानातून बोलत होती. "काका, तुम्ही दोन म्हणाला होतात. इथे सगळं तयार आहे, फक्त तुम्ही नाही."

सूर्यास्ताला जेमतेम तास उरला होता आणि पुणे चार तासांवर होते.

"थांबू नका. अग्नी तू दे," मी म्हणालो.

तिने विचारले, "आणि मंत्र?"

"मी इथून म्हणतो."

पासपोर्ट तपासणीच्या रांगेत उभे राहून मी मंत्र म्हटले. मध्येच एकदा फोन तुटला. कोणते पद तिथवर पोहोचले नाही, हे मला आजही ठाऊक नाही. वहिनींनी त्या चुकीविषयी कधी शब्द काढला नाही. काढला असता तर बरे झाले असते.

वाचकहो, तुमच्या घरी जो कोणी दूरदेशी असेल, त्याला सूर्यनारायण दिवस मावळण्यापूर्वी आपल्या माणसांजवळ पोहोचवो. तुमचे सर्व कुटुंब सुखी राहो.