हिराबाईचा नवरा

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. सख्ख्या बहिणीजवळही नाही, आणि तिच्याजवळ मी काय काय बोलत नव्हते! आता बहीण नाही, शाळेतले गुरुजी नाहीत, आणि ज्या दोघींना सांगायला हवं होतं त्या कुठे आहेत मला ठाऊक नाही. तेव्हा तुम्हीच ऐका. ऐकून माझ्याविषयी मत वाईट झालं, तर खुशाल होऊ द्या.

आधी एक सांगून टाकते—सरकारी कागदावर मी धडधडीत खोटं लिहवलं आहे, आणि त्याची मला तिळमात्र लाज नाही. माझा नवरा पुण्यात दुसरीबरोबर मजेत राहत होता. मी कपाळाचं कुंकू स्वतःच्या हातानं पुसलं, चिखलीच्या पलीकडे एका खेड्यात शाळेची नोकरी धरली आणि गावाला सांगितलं, मी विधवा आहे. का नाही सांगायचं? नवऱ्यानं टाकलेल्या बाईला कुणी खोली दिली असती? तिच्या हाताखाली पोरी शिकायला धाडल्या असत्या? खानेसुमारीत मी तेच लिहवलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहवीन.

मग कबुली कशाची? थांबा—तिथवर येते.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली खानेसुमारी. गावात बोलवा होती, की डोकी मोजून झाली की कर बसणार. आया तर पोरं मोजूच देईनात, मोजली की नजर लागते म्हणून. गणतीचं काम शाळेच्या गुरुजींकडे होतं, आणि बायका त्यांच्यासमोर तोंड उघडेनात म्हणून मी त्यांच्या जोडीला. रोज प्रार्थनेनंतर मी मुलांना पढवायची—घरी सांगा, भिऊ नका, गुरुजी विचारतील ते खरं खरं सांगा. खोटं सांगितलंत तर आपल्या शाळेला चौथीचा वर्ग मिळायचा नाही. हे शेवटचं मी पदरचं घातलं होतं. पण पोरांनी घरोघर असा हट्ट धरला, की बायका आपणहून लेकरं अंगणात आणून उभी करू लागल्या. मला कोण अभिमान वाटला!

शकू माझ्या तिसरीतली. तिची आई हिराबाई मराठवाड्याकडून आलेली, पाटलांच्या गोठ्याशेजारच्या खोलीत राहून त्यांचं दळणकांडण करायची. पांढरं कपाळ, मोकळा गळा. विधवा म्हणूनच गाव तिला ओळखत होतं. आम्ही पाटलांच्या अंगणात बसलो होतो. पाटलीणबाई होत्या, आळीतल्या सातआठ बायका होत्या. हिराबाईची पाळी आली तेव्हा गुरुजींनी नवऱ्याचं विचारलं. ती म्हणाली, "वारला."

आणि तिच्या पाठीमागून शकू बोलली. "माय, खोटं नगं बोलूस. बाईंनी सांगितलंय. बा हाय की लातूरला."

गुरुजींचा टाक हातातच राहिला. मला तेव्हा काय करता आलं असतं—विचारा ना! किती सोपं होतं. लहान पोर आहे, तिला काय कळतंय, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. गुरुजी भला माणूस, माझ्या शब्दावर 'विधवा' लिहून मोकळे झाले असते. आणि त्या अंगणात हिराबाई काय झाकते आहे, का झाकते आहे, हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत होतं?

मी म्हटलं, "हिराबाई, पोरीसमोर तरी खरं बोला."

घाबरले होते म्हणून बोलले, असं सांगायला मला आवडेल. पण तसं नव्हतं. मला त्या क्षणी बरं वाटलं. इतक्या बायकांत मी खऱ्याची बाजू घेऊन ताठ बसले होते—आणि ते बसणं मला आवडलं.

हिराबाईनं माझ्याकडे पाहिलं. "हाय जिता," म्हणाली. "ल्ह्या." गुरुजींनी 'विवाहित' लिहिलं. पाटलीणबाई पदर सावरत आत निघून गेल्या.

संध्याकाळी शाळेत कागद आवरताना गुरुजी म्हणाले, "बाई, तुमचं राहिलं." मी म्हटलं, "विधवा." माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.

आठ दिवसांत हिराबाईची खोली गेली, कामही गेलं. नवरा जिवंत असताना कुंकू पुसणारी बाई दाराशी नको, असं पाटलीणबाईंचं म्हणणं. मी त्यांच्याकडे रदबदली केली नाही. माझ्या खोलीत दोन माणसं सहज मावली असती, तेही सुचवलं नाही. त्या मायलेकी चाकणच्या रस्त्यानं गेल्या, एवढंच कानावर आलं. शकूचं नाव मीच हजेरीपटातून कमी केलं.

जाण्याच्या आदल्या सकाळी शकू प्रार्थनेला आली होती. प्रार्थना झाल्यावर माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "बाई, माय माझ्यासंगं बोलत न्हाई. म्या खरंच बोलले नव्हं?"

मी म्हटलं, "शाबास." आणि सगळ्या वर्गाला तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.