एका नागलीच्या सात नागल्या

आधी चहा सांगा, मग माझी फजिती सांगतो. हसायचं तर खुशाल हसा. पण मी जे केलं ते उद्या पुन्हा करीन, हेही ऐकून ठेवा!

मी जव्हारच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट. आमच्याकडे बियाण्यांसाठी एक वर्कफ्लो प्लॅटफॉर्म आहे. म्हणजे काय? दाण्यांचे फोटो टाकायचे. एक टूल दाणे मोजतं, दुसरं जुन्या वाणांशी ताडून बघतं, शेवटचं नवा नंबर देऊन वाण यादीत चढवतं. सगळं आपोआप. पण चालायचं एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर, एका वेळी एकच काम.

त्या दिवशी साखरशेतची कमळमावशी नागलीचा, म्हणजे नाचणीचा, डबा घेऊन लॅबच्या दारात ठाण मांडून बसलेली. यादी संध्याकाळी पाचला बंद होणार, आणि रांगेत तिचा नंबर दुसऱ्या दिवशी!

"पोरा, माझ्या आयचं बी हाय. नाव लागंल ना?"

हा प्लॅटफॉर्म बसवून देणाऱ्या पुण्याच्या सरांना फोन लावला. "टूल कुठल्या मशीनवर चालवायचं हे रनर ठरवतो," सर म्हणाले. "त्याला अजिबात हात लावू नका. आम्ही पुढच्या महिन्यात येऊन वाढवून देऊ."

पुढच्या महिन्यात? माझं डोकंच फिरलं. आवणी, म्हणजे रोपांची लावणी, आली की आम्ही काय पुण्याहून माणसं मागवतो? सावड करतो! आज सगळे तुझ्या शेतात, उद्या माझ्या. मग लॅबमधले सात कॉम्प्युटर रिकामे बसलेत, त्यांना काय धाड भरली?

मी स्वतःच रनर वाढवला. काम आलं की सातही जणांना हाक! साडेचारला नाव लागलं. सरांना मुद्दाम फोन करून सांगितलं, "झालं हो!"

आठवड्याने तपासणीचे साहेब जीप घेऊन साखरशेतला हजर. मलाही सोबत नेलं.

"एका घरात सात नवे वाण! दाखवा."

मावशीने एक डबा पुढे केला.

"बाकीचे सहा?"

"बी एकच हाय, साहेब. भाकरी म्हणाल तर सात थापते."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. सावडीत शेत वाटून घेतात हो! मी प्रत्येकाला अख्खं शेत देऊन बसलो होतो. सातही जणांनी इमानाने तेच काम केलं आणि सात नंबर दिले.

साहेब भडकले. "खोटी नोंद! सगळी रद्द करतो."

"का म्हणून?" मावशी उठलीच. "चुकी त्याची, बी माझ्या आयचं!"

"चूक माझ्या नावावर लिहा," मीही म्हणालो, "पण एक नंबर राहणार. नाहीतर जीपच्या पुढ्यात बसतो!"

सहा खोडले. एक राहिला.

रनर काढला? हट्! दुरुस्त केला. आता मशिनं कामं वाटून घेतात. पुण्याचे सर अजून पुढच्याच महिन्यात येतायत.

पाऊस लागल्यावर मावशीच्या आवणीला मीही ऐटीत गेलो. तिने एकेकाला जागा वाटून दिली आणि मला बांधावरच अडवलं.

"तू नको रं. तू चहा ठेव."

निघालो, तर मागून सगळ्या शेताला ऐकू जाईल अशी हाक आली.

"आणि एकदाच ठेव!"