शेजारणीच्या खिळ्यावरची चावी

करी रोडच्या आमच्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला, आणि चाळीत शेजारी राहणाऱ्या आम्ही दोघी एकविसाव्या मजल्यावर समोरासमोर आलो. मी निवृत्त, एकटी. शेजारणीला मी मावशी म्हणते. चाळीत माझ्या घराची चावी तिच्या खिळ्याला असायची. इथे आल्यावर तिने दाराशी पहिला खिळा ठोकला आणि माझ्या नव्या घराची चावी मागून घेऊन त्याला अडकवली. मला ते मुळीच आवडलं नाही. आता तरी कोणी वाटेल तेव्हा आत घुसू नये! चावी परत मागायची असं मी महिनाभर घोकत होते, पण धीर होत नव्हता.

तेव्हा मी एक रहस्यकादंबरी वाचत होते. डोंगरातली आडबाजूची वस्ती; एकेक माणूस नाहीसा होतो आणि बाकीचे काही घडलंच नाही असे वागतात. मावशीला मोतीबिंदूमुळे वाचवत नव्हतं, म्हणून रोज चारला तिच्याकडे चहाला जाऊन मी एक प्रकरण सांगायचे. ती दर वेळी विचारायची, "आणि शेजारी काय करी होते गो?"

"मानसशास्त्रीय कादंबरी आहे ती, मावशी, तिच्यात शेजाऱ्यांचं काय," मी शिष्टपणे म्हणायचे. शेवटचं प्रकरण मी मुद्दाम दुसऱ्या दिवसावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. फोन पलंगावर. ओरडून ओरडून घसा बसला, पण बंद दारांपलीकडे कोणाला ऐकू जाणार? आता इथेच संपणार, या भीतीने मी रडले.

चार वाजून गेल्यावर बेल वाजली. पुन्हा वाजली. मग कुलपात चावी फिरली.

"शेवट सांगूचो नाय म्हणान लपलंस काय गो?" मावशी ओरडतच आत आली.

ऑपरेशन झाल्यावर हॉस्पिटलमध्ये तिने आधी शेवट वसूल केला. नाहीशी झालेली माणसं आपापल्या घरातच मेलेली सापडतात, मी सांगितलं. दुसऱ्याच्या दारावर थाप मारायची नाही, हा त्या वस्तीचा नियम होता.

"कोणाची चावी कोणाकडे नसायची काय गो?"

तिचा हात धरून मी कबूल केलं, की मी चावी परत मागणार होते.

"माका ठावक होता," मावशी म्हणाली. "म्हणान तर दुसरी करून ठेवलंय."