अकरा नंबरचा बोर्ड

माझी शेवटची मोठी पोस्टिंग लडाखला होती. फौजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या ईएमईचं छोटं वर्कशॉप, मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. सकाळी गाड्यांच्या टाकीतलं डिझेल गोठलेलं असायचं. आधी टाकीखाली शेगडी, मग इंजिन, मग माणसांचा चहा. हा क्रम कधी बदलला नाही.

तिथे दोन गोष्टी माझ्या अंगात मुरल्या. पहिली बुखारी. पत्र्याच्या डब्यात लाकूड नाहीतर रॉकेल जळतं आणि धूर नळीतून बाहेर जातो. तिचे नियम कडक होते. झोपण्याआधी बुखारी बंद, एक खिडकी बोटभर उघडी, आणि रंग दिलेलं लाकूड आत घालायचं नाही. त्याचा धूर डोक्यात जातो.

दुसरी गोष्ट व्हीओआर बोर्ड. व्हीओआर म्हणजे व्हेइकल ऑफ-रोड, रस्त्यावर न्यायची नाही अशी गाडी. लाल रंगाची लाकडी फळी, वर पांढरी अक्षरं. मेकॅनिकला गाडी धोक्याची वाटली की तो ही फळी स्टेअरिंगला अडकवतो. ती काढायची फक्त ज्याने लावली त्यानेच. एकदा खुद्द सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर साहेबांची जिप्सी मी व्हीओआर केली होती. साहेब आले, बोर्ड पाहिला, एक शिवी हासडली आणि मागच्या वन-टन गाडीत जाऊन बसले. बोर्डाला त्यांनी हात लावला नाही.

ती वन-टन चालवत होता नाईक दत्ताराम शेलार. खेड तालुक्यातला, माझ्याहून आठेक वर्षांनी लहान. गाडीत बसण्याआधी तो स्टेअरिंगकडे बघायचा. बोर्ड नसेल तर चावी लावायचा. मला म्हणायचा, "उस्ताद, तुमचा बोर्ड नाही म्हणजे मी डोळे मिटून निघालो." मी त्याला सांगायचो, डोळे उघडे ठेव, बाकी बरोबर आहे.

पेन्शनवर आल्यावर आम्ही दोघं यूएईत गेलो. नेणारा माणूस फौजेतलाच होता, रिटायर्ड सुभेदार कदम. मेकॅनिकल ट्रान्सपोर्टचा, एमटीचा, जेसीओ, म्हणजे सगळं आयुष्य गाड्यांत गेलेला. फुजैराहच्या बाजूला, मसाफीच्या पुढच्या डोंगरात एक खडीची खाण होती. तिथून दुबईच्या साइट्सना टिपर जायचे. कदम तिथला कॅम्प इनचार्ज. मी वर्कशॉपमध्ये, दत्ता अकरा नंबरच्या टिपरवर. कदम साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "इथेही आपला कायदा चालणार. बोर्ड बनव." मी फळी कापली, लाल रंग दिला, वेल्डिंगच्या सळईचे दोन हुक वाकवून मागे ठोकले. त्या दिवशी मला त्या माणसाचा अभिमान वाटला होता. आता आठवलं की तोंड कडू होतं.

दोन हजार आठच्या शेवटाला दुबईतल्या साइट्स धडाधड बंद पडायला लागल्या. क्रेन जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. आमचे निम्मे टिपर आवारात धूळ खात उभे होते. ऑफिसने जनरेटर रात्री बंद ठेवायचा हुकूम काढला, डिझेल वाचवायला. लोकांना वाटतं तिथे बारा महिने उन्हाळा. डोंगरात जानेवारीत पहाटे दात वाजतात, पोर्टा केबिनचा पत्रा बर्फासारखा गार होतो. मी डिझेलचा रिकामा ड्रम कापून मेसमध्ये बुखारी बसवली. बंद साइट्सवरून पॅलेटचं लाकूड हवं तेवढं मिळत होतं. पठाण, मल्याळी, नेपाळी, सगळे तिच्याभोवती बसायचे. गुल खान नावाचा पेशावरचा ड्रायव्हर तिला "उस्ताद की बीवी" म्हणायचा, कारण तिला दुसऱ्या कोणी छेडलेलं मला चालायचं नाही.

कदमवर वरून दाब होता हे खरं आहे. दुबईच्या ऑफिसने सांगितलं होतं की ज्या खाणीच्या ट्रिप कमी पडतील ती खाण बंद होईल. त्याची बायको-मुलं दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहत होती. मुलगी इंग्लिश शाळेत. त्याला सगळं टिकवायचं होतं. टिकवायचं आम्हा सगळ्यांनाच होतं.

एका शुक्रवारी सुटी होती. दत्ता बर दुबईला देवळात गेला होता. मी उभ्या गाड्या तपासत होतो. अकरा नंबरच्या खाली टॉर्च घेऊन झोपलो तर मागच्या एक्सलच्या दोन्ही ब्रेक ड्रमना आतून तडे गेलेले. खाली झोपल्याशिवाय दिसणार नाहीत असे. लायनिंग रिव्हेटपर्यंत झिजलेलं. रिकामी गाडी त्यावर कशीबशी थांबेल. भरलेली गाडी उतारावर आली की ब्रेक तापतात आणि मग पेडल दाबून उपयोग नसतो. मी बोर्ड स्टेअरिंगला अडकवला आणि कदमला सांगितलं.

"अकरा नंबर व्हीओआर, साहेब. उद्या शारजाहून ड्रम आणतो."

"उद्या मोठी ऑर्डर आहे, मला सगळ्या गाड्या पाहिजेत, साळवी."

"अकरा नंबर मिळणार नाही."

तो पाठ फिरवून केबिनकडे गेला. मला वाटलं, विषय संपला. फौजेत संपला असता.

शनिवारी पहाटे मी पिकअप घेऊन शारजाला गेलो. इंडस्ट्रियल एरियातलं दुकान उघडल्या उघडल्या दोन ड्रम आणि लायनिंग घेतलं, वाटेत रोल्लाच्या बाजारात चहासाठीसुद्धा थांबलो नाही, आणि परत फिरलो. खाणीचा रस्ता अरुंद, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला वादी, म्हणजे कोरड्या नदीचं पात्र. समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून सगळ्यांकडे वॉकी-टॉकी सेट होते. मी वादीच्या तोंडाशी आलो आणि सेट बोलायला लागला.

"अकरा नंबर, लोडेड, डाउन."

दत्ताचा आवाज. मी पिकअप जागीच थांबवली. मागे त्याच गाडीचे ड्रम पडले होते. मी बटण दाबून ओरडलो.

"अकरा नंबर, स्टॉप! गाडी थांबव! स्टॉप!"

"उस्ताद, ब्रेक लागत नाही."

"गिअर खाली घे. कड्याला घास."

"खालून लेबरची बस येतेय. बस बाजूला घ्या. बस, साइड! यल्ला, साइड!"

मग नुसती खरखर. त्यानंतर वरून आवाज आला, तो सेटवर नाही, डोंगरातून आला. बसमध्ये चाळीसेक माणसं होती. दत्ताने वळणाच्या आधीच टिपर कड्यावर घातला. बसला ओरखडासुद्धा आला नाही. मी पोचलो तेव्हा केबिन उरली नव्हती. त्याच्यापर्यंत हात घालायला आम्हाला कटर लावावा लागला.

पोलिस आले. कदम त्यांच्याशी बोलत होता. मी जवळ गेलो.

"साहेब, बोर्ड कोणी काढला?"

"कसला बोर्ड?" माझ्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला. "बोर्ड नव्हताच. पोरगं जोरात आलं. खलास."

रिपोर्टमध्ये ड्रायव्हरची चूक, ओव्हरस्पीड असं लिहिलं गेलं. मी सांगून पाहिलं. पण बोर्ड कुठे आहे, विचारलं की माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. ऑफिसला कदमचं ऐकणं सोयीचं होतं. दत्ता पेटीतून गावी गेला आणि त्याच्या पाठोपाठ ही बातमीसुद्धा गेली. दत्ताच्या बायकोचा, सुनंदा वहिनींचा फोन आला.

"भावोजी, एक विचारू? हे खरंच एवढं जोरात चालवायचे का हो? गावात सगळे तसंच म्हणतात."

"नाही, वहिनी. कधीच नाही."

"मग असं का लिहिलंय?"

 फोन ठेवला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या क्षणी ठरवलं की दत्ताचं नाव स्वच्छ झाल्याशिवाय हा माणूस या खाणीतून सुखाने जाणार नाही.

गुल खानने मला बाजूला घेतलं. "उस्ताद, उस सुबह बुखारी सूबेदार ने जलाई थी. रंग की बू आ रही थी. दत्ता ने उससे पूछा, उस्ताद ने गाड़ी पास की? वो बोला, बोर्ड दिख रहा है क्या? दत्ता हँसा और चाबी लगा दी."

दत्ता गेल्यापासून बुखारी कोणी पेटवली नव्हती. मी तिचं खालचं झाकण उघडून राख उपसली. राखेत माझ्या हाताने वाकवलेले दोन हुक निघाले.

मी ते धुतले आणि खिशात ठेवले. राखेतल्या दोन सळया घेऊन पोलिसांकडे गेलो असतो तर त्यांनी मला चहा पाजून परत पाठवलं असतं. कबुली कदमच्या तोंडून यायला हवी होती. त्याने सगळी नोकरी या बोर्डाखाली काढली होती. सिव्हिलियन मॅनेजरने फळी काढली असती तर मी त्याला अडाणी म्हटलं असतं. याला ठाऊक होतं की फळी दिसली नाही की शेलार नाईक चावी लावणार. त्या विश्वासावर त्याने ट्रिप काढली. त्याला ठार मारायचा विचार माझ्या मनात आला नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. रोज यायचा. जेवताना यायचा, आंघोळ करताना यायचा.

अकरा नंबरसाठी आणलेले ड्रम मी नऊ नंबरला बसवले. नवीन लायनिंग, नवीन स्प्रिंगा. आयुष्यात एवढं मन लावून ब्रेकचं काम मी केलं नव्हतं. कोणाला जवळ येऊ दिलं नाही.

फौजेत ब्रेकचं काम झालं की रोड टेस्ट होते. मेकॅनिक चालवतो आणि एमटीचा जेसीओ शेजारी बसतो. हा रिवाज कदमनेच इथे आणला होता. क्रशरपाशी गाड्या भरायला सगळे ड्रायव्हर उभे होते, ऑफिसचा सेफ्टी ऑफिसरही आलेला. मी सगळ्यांसमोर सॅल्यूट ठोकला.

"साहेब, नऊ नंबरच्या ब्रेकचं काम झालंय. लोडेड रोड टेस्ट. चला."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं. तो चढून बसला.

सेट मी सीटच्या बाजूला ठेवला होता. ट्यूबचं रबर गुंडाळून त्याचं बटण दाबून ठेवलं होतं, म्हणजे केबिनमधलं सगळं खाणभर ऐकू जात होतं. खाली गुल खानने रस्ता रिकामा करून ठेवला होता. उतार लागला तेव्हा मी सीटमागून नवीन बोर्ड काढला आणि डॅशबोर्डवर ठेवला. लाल रंग अजून ओला होता.

"हे काय?"

"ही गाडी व्हीओआर आहे, साहेब. मागचे दोन्ही ड्रम तडकलेत. अकरा नंबरसारखेच."

"चेष्टा करतोस?"

मी गिअर एक वर घेतला. पाठीमागचं वजन ढकलायला लागलं. खडी मागे खडखडली.

"साळवी, ब्रेक मार."

"लागत नाही. दत्ताचाही लागला नाही. बोर्ड कुठाय, साहेब?"

"अरे, बायको-मुलं आहेत मला!"

"त्यालाही होती. बोर्ड कुठाय?"

पहिलं वळण आलं. मी ते अगदी कडेने घेतलं. त्याने दार उघडायचा प्रयत्न केला, हँडल मी आधीच काढून ठेवलं होतं. पुढे दत्ताचा कडा दिसायला लागला. दगडावर टिपरचा पिवळा रंग अजून होता.

"जाळला!" तो किंचाळला. "मीच काढला, बुखारीत घातला! ड्रमचं तू सांगितलं होतंस, मला माहीत होतं! थांबव! आईची शपथ, थांबव!"

मी ब्रेक दाबला. नवीन ड्रम, नवीन लायनिंग. गाडी जमिनीला नाक लावून जागेवर उभी राहिली, कड्याच्या बरंच आधी. कदम डॅशबोर्डवर आपटला आणि तिथेच पडून राहिला. त्याची पँट ओली झाली होती. मी मुद्दाम वेळ लावून पाहिलं. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. कोणी याला चांगली भावना म्हणणार नाही, पण होती ती अशी होती.

मी सेटवरचं रबर सोडलं.

"रोड टेस्ट ओके," मी म्हणालो. "ऑल स्टेशन, ऐकलं का?"

 मग गुल खानचा आवाज आला. "सबने सुना, उस्ताद. साहब ने भी सुना."

साहब म्हणजे सेफ्टी ऑफिसर, मराठी समजणारा. तो ड्रायव्हरांना घेऊन स्वतः पोलिसांत गेला. मीही गेलो, हुक टेबलावर ठेवले, माणसाला कसं बोलतं केलं तेही सांगितलं. माझी नोकरी त्याच आठवड्यात गेली. रिपोर्ट बदलला. ड्रायव्हरची चूक नव्हती आणि त्याने बस वाचवली, असं त्यात आलं. कदम काही काळ आत राहिला आणि मग त्याला देशाबाहेर काढलं. वहिनींना मी फोन केला तेव्हा त्या बराच वेळ रडल्या. मग म्हणाल्या, "आता गावात मान वर करून फिरेन."

कदमने पुढे दोनदा माफीचा निरोप पाठवला. आता म्हातारा झालाय, आजारी असतो, असं कळलं. मी निरोप आणणाऱ्याला चहा दिला आणि परत पाठवलं. माझ्याकडून त्याला माफी नाही. मेल्यावरही नाही.

मी आता शारजात एका गॅरेजमध्ये काम करतो. माझ्या बेंचवर लाल बोर्ड आहे, त्याला तेच दोन जुने हुक लावलेत. थंडीच्या दिवसांत सकाळी शटर उघडलं की बोर्ड पुसतो आणि एक गोष्ट मला दर वेळी टोचते. सूड पुरा झाला, नाव स्वच्छ झालं, सगळ्या खाणीने खरं ऐकलं. ज्याने ऐकायला हवं होतं त्याने मात्र ऐकलं नाही. चावी लावताना तो हसला होता. त्या उतारावरसुद्धा त्याला वाटत असणार की उस्तादने गाडी पास केली आहे.

नाईक दत्ताराम शेलार, गाडी नंबर अकरा.

दत्ता, बोर्ड मी काढला नव्हता.