वेरा आंटींनी न शिकवलेली शीळ

"ताई, मम्मा गेल्या," अश्विनी फोनवर म्हणाली. "कुठे गेल्या?" मी विचारलं. कारण माझ्या समजुतीप्रमाणे तिच्या सासूबाई, वेरा आंटी, सुट्टीसाठी रशियाला आपल्या गावी गेल्या होत्या...

दुबईत, अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या मुलाकडे राहायला आल्या, तेव्हा त्यांच्या बॅगेत त्यांच्या आईच्या हातचे मातीचे घोडे होते. पांढरे, लाल-हिरव्या पट्ट्यांचे, शेपटीत फुंकलं की वाजणारे. त्यांच्या गावातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या अशा शिट्ट्या घडवत आलेल्या. माझी मुलगी नुकतीच शिकायला परदेशी गेली होती आणि घर खायला उठायचं. मी त्यांच्याकडे जाऊन बसू लागले. आमची भाषा म्हणजे मोडकं इंग्लिश आणि हातवारे. हळूहळू मला घोड्याची मान जमली, पोट पोकळ ठेवणं जमलं. शेपटीतली फट मात्र आंटी स्वतः कापायच्या. बारीक काडी हलकेच आत सरकवली की मातीला कंठ फुटायचा. मी कापलेल्या फटीतून नुसती हवा जायची. "हे सगळ्यात शेवटी," त्या म्हणायच्या. त्या गावी निघाल्या तेव्हा लिफ्टपाशी मी पुन्हा विषय काढला. "परत आले की शिकवते, इन्शाल्ला," म्हणत त्यांनी माझा गाल थोपटला.

"आजार कळला होता, ताई," अश्विनी रडत सांगत होती. "शेवट तिकडेच व्हावा म्हणून गेल्या. बिल्डिंगमधल्या बाकीच्यांना स्वतः भेटून सांगितलं. फक्त तुम्हाला सांगायचं नाही म्हणाल्या."

"मलाच का?"

"तुम्ही जाऊ दिलं नसतं, म्हणून."

नसतंच दिलं... पण हे त्यांनी परस्पर ठरवलं. सगळ्या जणी निरोप घेऊन मोकळ्या झाल्या, आणि मी त्या परत आल्यावर दाखवायला घोड्यांच्या माना वळत बसले. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या बायका माझ्याशी इतक्या जपून का बोलायच्या, ते मला आत्ता कळलं. आईनंतर मी जिच्यापाशी मन मोकळं केलं, त्या बाईने माझ्या डोळ्यांत बघून खोटं सांगितलं होतं.

परवा अश्विनीने त्यांच्या खोलीत बोलावलं. खिडकीखाली ओल्या फडक्यात गुंडाळलेला मातीचा गोळा होता. "हा ताईंचा, वाळू द्यायचा नाही, असं मम्मा बजावून गेल्यात," ती म्हणाली.

गोळा मी घरी आणला. रोज सकाळी चहाआधी फडकं भिजवते, पिळते, पुन्हा गुंडाळते. राग तसाच आहे. मातीला अजून हात लावलेला नाही.