पौर्णिमेच्या उधाणातला दिवा

उलव्याचे टॉवर मागे पडले, रस्ता खाडीकडे वळला आणि टॅक्सीवाल्याने विचारलं, "ताई, इथे नक्की आहे काय?" मलाही धड सांगता आलं नाही. कला, संगीत आणि मनःशांतीचा दोन दिवसांचा महोत्सव. राहायचं तंबूत, पण तंबू थाटाचा. कोपरखैरण्याच्या घरात मी वर्षभर स्वतःला कोंडून घेतलं होतं, म्हणून लेकीने, पल्लवीने, परस्पर तिकीट काढलं होतं. माझे मालक तुर्भ्याच्या बाजारात मापाडी होते. ते गेल्यापासून मला मोकळं करायचा चंगच तिने बांधला होता.

दारातच फोन काढून घेतला. डिजिटल उपवास म्हणे. बदल्यात हातात एक जाड कागदाची चिठ्ठी आणि पेन्सिल आली. जे सोडून द्यायचं असेल ते चिठ्ठीवर लिहायचं आणि संध्याकाळी दिव्याबरोबर पाण्यात सोडायचं. पाणी मात्र कुठे दिसेना. समोर एक पडीक शेत होतं आणि त्याच्या कडेने पांढरे तंबू.

माझा तंबू शेवटचा, खाडीच्या बांधाला लागून. आत पलंग, गालिचा, पितळी आरसा, एसी. कुठून तरी ढोल आणि कुणाचं तरी ठरवून हसणं ऐकू येत होतं. मी बाहेर आले.

बांधावर एक म्हातारे गृहस्थ उघाडीतला, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत जायच्या झडपेच्या दारातला, गाळ काढत बसले होते. हसुरामदादा. पडीक शेत महोत्सवाने भाड्याने घेतलं होतं. त्याच्या पलीकडचा हिरवा तुकडा त्यांचा होता, वालाने भरलेला. ते सांगू लागले, भरती आली की खाडीच झडप दाबून धरते, ओहोटीला ती आपली आपण उघडते, माणसाने काही करायचं नसतं. त्यांच्या वडिलांची हयात ती खारी जमीन गोडी करण्यात गेली होती. गावातल्या बाकीच्यांनी जमिनी कधीच दिल्या, यांनी एवढी राखली होती.

"बाय, हिला कोनी हात लावायचा नाय," ते म्हणाले. "आज पुनवंचं उधान हाय. खारं पानी आत आलं तं वाल गेला, नि जमीन पन गेली."

त्यांना बायकोला डायलिसिसला न्यायचं होतं. माझा तंबू जवळ, म्हणून कुणी झडपेशी गेलं तर फोन करा म्हणाले. माझ्याकडे कागद तेवढा एकच होता. मी त्या चिठ्ठीवर त्यांचा नंबर लिहून घेतला.

दुपारी भरतीच्या वेळी महोत्सवाच्या व्यवस्थापक बाई दोन माणसं घेऊन आल्या आणि तंबूच्या दोरीने झडप वर बांधून टाकली. त्या म्हाताऱ्यांनी नको म्हटलंय, असं मी सांगून पाहिलं. "काकू, टेन्शन नका घेऊ, परमिशन आहे आपल्याकडे," त्या म्हणाल्या. फोन ठेवलेला काउंटर शंभर पावलांवर होता. पण मी साताऱ्याकडच्या दुष्काळी भागातली. शेतात पाणी शिरताना पाहिलं की आमचं मन आधी निवतं. शिवाय संध्याकाळी दिवे सोडायला पाणी हवंच होतं. मलाही हवं होतं. भरती आत घेऊन झाल्यावर त्यांनी उघाडी वाळूच्या पोत्यांनी बुजवली. मी जेवायला गेले. 'स्थानिक चव' अशी पाटी लावून वालाचं बिरडं ठेवलं होतं, ते मी दोनदा घेतलं.

दिवेलागणीला शेतात झालेल्या त्या तळ्याकाठी सगळे जमले. मी चिठ्ठी उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर ह्यांचं नाव लिहिलं. उभ्या संसारात मी ते कधी तोंडाने घेतलं नव्हतं. दिवा वाऱ्याने लांब गेला तशी मी पोटभर रडले, आणि खोटं कशाला सांगू, मला खूप हलकं वाटलं.

सकाळी तंबूबाहेर आले तर रात्रीची भरती पोत्यांवरून आत आलेली आणि मधला बुटका बांध ओलांडून पाणी दादांच्या तुकड्यात गेलेलं. वालाचे शेंडे तेवढे वर होते. हसुरामदादा गुडघाभर पाण्यात उभे होते, हातात एक विझलेला दिवा आणि त्यातली ओली चिठ्ठी. ते बांधावर चढून माझ्याकडे आले.

"दिनकर कोन?" त्यांनी विचारलं.

"माझे मालक. गेले ते."

त्यांनी चिठ्ठी उलटी केली. "नंबर माजा हाय."

मी सांगितलं, की झडप बांधताना मी पाहिलं होतं, फोन मागितला असता तर मिळाला असता, मी मागितला नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चिठ्ठी सदऱ्याला पुसली आणि माझ्या हातात दिली.

"तुमच्या मानसाचं नाव हाय. खाऱ्या पान्यात नको."

जमीन पुन्हा गोडी व्हायला किती दिवस लागतील, असं मी विचारलं. "तीन पावसाले," ते म्हणाले, "मी तवर हाय का नाय, काय ठाव." मग ते उघाडीतली पोती ओढून काढायला गेले. मी मदतीला वाकले तर हातानेच नको म्हणाले.

परतीच्या टॅक्सीत फोन उघडला. पल्लवीचा मेसेज होता, आई, हलकं वाटतंय ना? चिठ्ठी आता घरी ह्यांच्या फोटोमागे खोचून ठेवली आहे. कागद वाळला, पण बोट फिरवलं की मीठ लागतं. नंबर अजून नीट वाचता येतो. रोज फोन हातात घेते आणि ठेवून देते.